खिळ्यांचा पट्टा आणि दोन हॉर्न

आमच्या भागात कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा असतो. कातड्याची जाड पट्टी, तिच्यातून आरपार खिळे ठोकलेले, टोकं बाहेर. बाहेरगावचा पाहुणा बघतो आणि विचारतो, कुत्रा फार चावरा आहे का? आता पाहुण्याला काय सांगणार. बिबट्या कुत्र्याची मान धरतो, आणि धरायला गेला की खिळे त्याच्या जबड्यात घुसावेत म्हणून तो पट्टा. जुन्नर-आंबेगावात ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे, याचं आम्हाला आता नवल राहिलेलं नाही. दिवस कलला की बाई शेतात वाकून गवत कापत नाही. परसाकडला जायचं तर हातात काठी आणि खिशातल्या मोबाइलवर मोठ्यानं गाणं. शेळ्या आत, कुत्रं आत, दाराला कडी.

आमचं घर वारूळवाडीच्या शिवारात. पुढून डांबरी रस्ता, मागून ऊस, आणि घर नि ऊस यांच्यामध्ये एक बांध. आधीचा कुत्रा त्या बांधावरूनच गेला. मी पिकअपमध्ये टोमॅटोचे क्रेट घालून नारायणगावला मार्केटला गेलो होतो, यायला उशीर झाला, आणि तो माझी वाट बघत बांधावर बसला होता. बायको दारातून हाका मारत होती. ओरडल्याचा आवाजसुद्धा आला नाही, असं ती म्हणते. सकाळी बांधावर नुसती फरफट दिसली, उसात गेलेली. त्याच्या गळ्यात पट्टा नव्हता.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. पुढचं पिल्लू आणलं, त्याची मान पट्टा पेलण्याएवढी झाली, आणि मी नारायणगावातून त्याच्या मापाचा पट्टा शिवून आणला. तांबूस रंगाचा, एक कान कायम पडलेला, खायला पुढं आणि कामाला मागं असा हा कुत्रा. पण खोड तीच. मी घरात असलो की माझ्या खाटेखाली झोपणार. मी घरात नसलो की सांज झाली तरी बांधावर जाऊन बसणार, तोंड रस्त्याकडे करून. पट्ट्यानं मान वाचते हो, बाकीचा कुत्रा वाचतोच असं नाही.

तोवर माझं बाहेर जाणं म्हणजे मार्केट आणि परत, त्यामुळं निभत होतं. मग आमची मुलगी अवसरीच्या कॉलेजात इंजिनिअरिंगला लागली, होस्टेलवर राहायला गेली, आणि घरात आम्ही दोघं नि कुत्रा एवढेच उरलो. त्याच सुमारास नारायणगावच्या शेठनी मला बोलावलं. हे शेठ मूळचे राजस्थानचे जैन, पण त्यांच्या आज्यापासून इथलेच. आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलतात आणि चिडले की आमच्यापेक्षा गावरान. त्यांचा टोमॅटोचा व्यापार. नवा ट्रक घेतला होता, माल उत्तरेला जायचा होता, आणि विश्वासाचा माणूस पाहिजे होता. ट्रॅक्टर चालवला, पिकअप चालवली, हेवी लायसन हौसेनं काढून ठेवलेलं. पंचेचाळिशीला टेकलेला माणूस मी, आणि निघालो शिंगं मोडून वासरांत शिरायला.

पहिल्या खेपेला कुत्रा घरीच होता. बरोबर शेठच्या दुसऱ्या गाडीचा जुना ड्रायव्हर दिला होता, आंबेगाव तालुक्यातला. त्याला सगळे उस्ताद म्हणायचे, मीही म्हणायला लागलो. संध्याकाळी ढाब्यावरून घरी फोन लावला.

"जेवलीस का?" मी विचारलं.

"मी जेवन हो. त्ये बांधावर बसलंय," बायको म्हणाली. "भाकरी दावली, दूध दावलं. येत नाय."

"दोरीनं बांध ना."

"बांधलं व्हतं. दोरी तोडली. अवो, मी आत दार लावून बसते, मला कसली भीती न्हाई. पर त्याला कोण सांगनार, तुमी दिल्लीला गेलाय म्हून?"

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. एका संध्याकाळी ती काठी आणि बॅटरी घेऊन स्वतः बांधावर गेली आणि त्याला पट्ट्याखालून दोरी घालून ओढत आणलं. खिळे तिच्या हाताला लागले. हे मला परत आल्यावर कळलं, हळद लावलेला हात बघून. मग मात्र माझं डोकं फिरलं. मी तसाच नारायणगावला शेठच्या वखारीत गेलो आणि म्हणालो, कुत्रा गाडीत येईल, नाहीतर मीही येणार नाही.

शेठ क्रेट मोजून घेत होते. ते थांबले.

"अरे, गाडी म्हणजे लक्ष्मी. लक्ष्मीत कुत्रं बसवतात होय?"

"मग बिबट्याला खाऊ घालू का?"

शेठ म्हणजे मुंगी पायाखाली येऊ नये म्हणून जपून पाऊल टाकणाऱ्या घरातला माणूस. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मरू दे असं मला म्हणता येत नाही," ते म्हणाले, "आणि बसव असंही माझ्या तोंडातून निघत नाही. तू असं कर, गाडी भरून निघालास की केबिनमध्ये काय आहे ते मी बघायला येणार नाही. फक्त सीट नवी आहे, एवढं ध्यानात ठेव."

ती सीट आळेफाट्यापर्यंतही टिकली नाही. कुत्रा आयुष्यात पहिल्यांदा गाडीत बसलेला, प्रत्येक ट्रकला बघून उभा राहायचा, गोल फिरायचा, परत बसायचा, आणि गळ्यात खिळे. उस्तादनं मागं वळून बघितलं तर रेक्झीन उभं फाटलेलं, आतला स्पंज बाहेर आलेला.

"राव, ह्ये कुत्रं हाय का वखर?" उस्ताद म्हणाला. "सगळी सीट वखरून काढली की."

मी पट्टा काढायला तयार नव्हतो. उस्तादनं गाडी बाजूला घेतली, मला नीट बघितलं आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "भाऊ, केबिनचं दार लावलंय. काच वर हाय. गाडी पळतीय. आता बिबट्या काय तिकीट काढून चढनार हाय?" मी पट्टा काढला आणि सीटमागं टाकला. मोकळ्या मानेचा कुत्रा बघून मला सारखं चुकल्या-चुकल्यासारखं होत होतं. फाटलेल्या सीटवर मी घरची गोधडी टाकली.

नाशिक गेलं, धुळं गेलं, सेंधव्याचा घाट चढलो. दिवसा कुत्रा खुशीत असायचा, पण संध्याकाळी ढाब्यावर थांबलो की खाली उतरायचा नाही. पायरीवर पुढचे पाय टेकवायचा, हवेत नाक धरायचा आणि परत आत. धार सोडायची असली तरी दम धरून बसायचा. उस्ताद त्याला हसायचा. पण मी तरी काय वेगळा होतो? कोट्याच्या पुढं एका ढाब्यावर, अंधारून आलं होतं, मला शेतात जायचं होतं. मी सवयीनं गाडीतली काठी घेतली, मोबाइलवर ढोलकीचं गाणं लावलं, आवाज सगळा वाढवला, आणि जमिनीवर काठी आपटत, मधूनच "हाऽऽड" करत निघालो. ढाबेवाला धावत बाहेर आला. त्याला वाटलं, गडी प्याला.

"क्या हुआ भाईसाब?"

मी सांगितलं, बिबट्या असतो म्हणून. तो म्हणाला इकडं कसला बिबट्या, इकडं फार तर नीलगाय, आणि ती तुमचं गाणं ऐकून जिल्हा सोडून गेली असेल. खाटांवर बसलेले सगळे ड्रायव्हर हसले. उस्ताद तर आडवा पडून हसत होता. वास्तविक तोही आंबेगावचाच, पण रस्त्यावर त्याची वर्षं गेली होती. मला राग आला. मग काठी खाली ठेवून, गाणं बंद करून, त्या उघड्या शेतात मी नुसता उभा राहिलो. हवा गार होती. पाठीमागं बघावं असं वाटत नव्हतं. किती वर्षांनी मी असा सांजेला मोकळ्यावर उभा होतो, ते मला आठवेना. फार बरं वाटलं.

कुत्र्यालाही हे सुख कळायला वेळ लागला नाही. पुढच्या खेपांना तो आधी पायरीवर, मग टायरपाशी, मग ढाब्याच्या मागं असा लांब लांब जायला लागला. राजस्थानात तर अंधार पडायच्या वेळेला तो एकटाच माळावर पळत सुटायचा, तितर उठवायचा, जीभ बाहेर काढून परत यायचा. माझ्या मागं लपणारा कुत्रा तो, आता माझ्याकडं बघतही नव्हता. मला कौतुक वाटायचं. संध्याकाळी बायकोला फोनवर मी तेच सांगायचो, आज त्यानं काय केलं, कुठं पळाला. ती ऐकायची, हसायची, आणि मग तिचं काही सांगायला लागायची.

हॉर्नचं असं झालं, की एकदा आम्ही त्याला विसरूनच निघालो. उस्तादला वाटलं तो माझ्या पायाशी आहे, मला वाटलं तो मागं बर्थवर आहे. गाडी रस्त्याला लागली आणि मी सहज आरशात बघितलं, तर मागं धुळीतून एक तांबडं काहीतरी जिवाच्या आकांतानं पळत येतंय. गाडी थांबवली. तो चढला तो थरथरतच. कोट्यापर्यंत त्यानं माझ्या मांडीवरचं तोंड हलवलं नाही. 

मग, एरवी त्याला शिव्या घालणाऱ्या उस्तादनंच शिकवण लावली. निघताना दोन छोटे हॉर्न द्यायचे, कुत्रा आला की पोळीचा तुकडा. दोन-चार ढाब्यांत तो असा पक्का झाला, की कुठंही असो, कुत्रीमागं असो नाहीतर हाडामागं, दोन हॉर्न ऐकले की सगळं टाकून गाडीकडे. पोळी तर त्यानं नंतर खाणंही सोडलं. त्याला फक्त गाडीत यायचं असायचं. उस्ताद म्हणाला, "बघ, तुला क्लीनर मिळाला. आता माझं काय काम?" आणि खरंच, थोड्याच दिवसांत तो दुसऱ्या गाडीवर गेला, आणि आम्ही दोघंच चालायला लागलो.

घरी परतायचं म्हणजे उलटा कारभार होता. बाकीचे लोक घरी आले की पायातलं काढतात, सैल होतात. आमचा कुत्रा घरी आला की त्याला पट्टा चढायचा. बायकोचा नियमच होता: जमिनीला पाय लागायच्या आधी गळ्यात पट्टा. आता पट्टा दाराजवळच्या खुंटीला असायचा. मी नारायणगावातून फोन करायचो, ती पट्टा घेऊन रस्त्याला उभी राहायची, मी दार उघडायच्या आधी ती पायरीवर चढून, खिडकीतून हात घालून तो बांधायची. कुत्रा मान झटकायचा. त्याला ते आता आवडत नव्हतं.

"याची भीती मेलीय," ती एकदा म्हणाली. "तिकडं बरं हाय. पर हितं भीती पायजे."

मी हसण्यावारी नेलं.

मग तो दिवस आला. तोडणीला आलेला ऊस, त्याला तुरे फुटलेले. मोबाइल चार्जिंग संपून बंद पडला होता, म्हणून नारायणगावातून फोन केला नाही. म्हटलं, आलोच की घरी. दिवस मावळतीला गाडी घरासमोर लावली आणि रस्त्यावरच्या सवयीनं, ढाब्यावर उघडतो तसं, दार उघडलं. कुत्रा माझ्या खांद्यावरून उडी मारून खाली. अंगण, बांध, आणि सरळ उसात. मोकळ्या मानेनं. त्याला वाटलं असणार, हाही एक ढाबाच.

आवाज ऐकून बायको बाहेर आली. रिकामं दार बघितलं, माझं तोंड बघितलं.  म्हणाली, "सकाळी बांधाच्या पल्याड दिसला व्हता. शेजारच्यांनी बघितला."

मी हाका मारायला लागलो. यू यू केलं, शिट्टी घातली, शिव्या घातल्या. उसात लांबवर सळसळ व्हायची, थांबायची. तितर नव्हते इथं, पण त्याला कुणी सांगावं. अंधार उसाच्या आतून बाहेर येतो, रस्त्यावर उजेड असतो तेव्हाच तिथं रात्र झालेली असते. टिटव्या ओरडायला लागल्या, एकदम, आणि आमच्या शेळ्या गप्प झाल्या. आमच्याकडच्या लहान पोरालाही याचा अर्थ माहीत आहे. मी काठी उचलली आणि बांध ओलांडायला निघालो. तिनं मागून माझा शर्ट धरला.

"उसात शिरायचं न्हाई."

"मग काय करू? बघत बसू?"

"शिरायचं न्हाई म्हनलं ना."

इतक्या जोरानं तिनं मला ओढलं, की शर्टाचं बटण तुटलं. आणि मग मला सोडून ती पळाली, घराकडे नाही, रस्त्याकडे. मला कळेना. ती साडी सावरत पायरी चढली, त्या गाडीत ती तोवर कधी बसली नव्हती, आणि पुढच्या क्षणी हॉर्न वाजला. दोनदा, छोटा छोटा. थांबला. परत दोनदा.

मी बांधावर उभा होतो. ऊस कापत यावा तसा आवाज आला आणि तांबडं काहीतरी माझ्या पायाजवळून गेलं, माझ्याकडं न बघता, अंगण ओलांडून, सरळ गाडीच्या पायरीवर आणि आत. मी पळत गेलो आणि बाहेरून दार लावून घेतलं, मग दुसऱ्या बाजूनं चढून आत बसलो. उसात अजून कुठंतरी काहीतरी हललं, ते मी बघायला गेलो नाही. सकाळी पाटाच्या ओल्या मातीत कुत्र्याच्या पावलांवर दुसरी, मोठी पावलं उमटलेली होती.

बिबट्याला भ्यायचं तो विसरला होता. मागं राहायची भीती तेवढी विसरला नव्हता.

केबिनमध्ये आम्ही तिघं बसलो होतो. कुत्रा दोघांच्या मध्ये धापा टाकत होता, त्याच्या अंगाला उसाचं पाचट चिकटलेलं, बायको एकेक काढत होती. 

"तुला कसं माहीत?" मी विचारलं. "हॉर्नचं मी तुला कधी सांगितलं?"

ती पाचट काढतच राहिली. "सांगायला कशाला पायजे? रोज ऐकत व्हते की. सांजच्याला तुमचा फोन यायचा. कुत्र्याचं सगळं सांगायचा. मग मी माझं काय सांगाया लागले, का तिकडं ह्यो वाजायचा. दोनदा. मग तुमी म्हनायचा, चल, ठेवतो." तिनं पाचटाचा तुकडा खिडकीबाहेर टाकला. "लई राग यायचा मला ह्या आवाजाचा."

कुत्रा मागं राहू नये म्हणून मी शेठशी भांडलो, सीट फाडून घेतली, नोकरी सोडायला निघालो. तिच्यासाठी मला असं काही करावं लागेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं, कारण ती दार लावून आत बसत होती आणि मला कसली भीती नाही म्हणत होती. मला फार वाईट वाटलं. तसं मी तिला सांगितलंही. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. पट्टा आना आधी."

मी पट्टा आणला. तो तिनंच बांधला.

कुत्रा अजून माझ्याबरोबर असतो. त्याला घरी ठेवायचं नाही, हे आमचं दोघांचं ठरलं आहे. ढाब्यावर आता मी आधी फोन करतो, तिचं सगळं ऐकतो, तिनं ठेवला की मग निघतो. आणि घरी येताना, वस्तीच्या अलीकडे ओढ्यावर मोरी आहे, तिथं दोन हॉर्न देतो. बायको पट्टा घेऊन रस्त्यावर येते. कुत्रा दचकून उठतो आणि गोंधळून माझ्याकडं बघतो, कारण त्याच्या लेखी या आवाजाला निघायचं असतं, यायचं नसतं. त्याला हे समजायला वेळ लागेल. बायकोला लागला नाही.